नाजुक कान आणि कर्कश गाणें

माझ्या एका स्नेह्यांचा चौदा वर्षांचा मुलगा कुकरची शिट्टी होण्याची वेळ आली कीं दोन्ही कानांवर तळहात दाबून घराच्या दुसऱ्या टोकास जाऊन बसतो. लग्नाच्या वरातींत त्याला आजवर कोणीं पाहिलें नाहीं. शाळेची घंटा, शेजारच्या भिंतींत चाललेलें ड्रिल, पाहुण्यांच्या तान्ह्या मुलाचें रडणें, ह्यांपैकीं कशानेंही त्याचा चेहरा एकाएकीं पांढरा पडतो. आजी म्हणते, "पोर हळवें आहे." काका म्हणतात, "लाडावून ठेवलें आहे." वडील कांहींच बोलत नसत. परंतु गेल्या वर्षीं एका रात्रीं त्यांना असें दिसलें कीं, हाच मुलगा डोळे मिटून, हेडफोन चढवून, एकच गाणें पुनःपुन्हां ऐकत बसला आहे. कुतूहलानें त्यांनीं तो हेडफोन आपल्या कानांस लावला आणि क्षणार्धांत खालीं ठेवला. आंत कोणी पत्र्याचें छप्पर दगडांवरून फरफटत नेत असावें आणि त्यावर दुसरा कोणी घसा फाटेपर्यंत ओरडत असावा, असा त्यांना भास झाला. दुसऱ्या दिवशीं ते माझ्याकडे आले ते रागावूनच. "तुम्हीच सांगा नाना, कुकरची शिट्टी सोसत नाहीं आणि हें सोसतें? म्हणजे इतकीं वर्षें हा आम्हांस बनवीत होता कीं काय?"

गाणें होतें 'निर्व्हाना' ह्या अमेरिकन मंडळाचें 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'. मला त्यांच्या प्रश्नाचें उत्तर तेव्हां देतां आलें नाहीं. परंतु प्रश्न सोडवेना. आणि त्याच्या मागें मागें जातां जातां मला असें दिसून आलें कीं, हा प्रश्न एका घरचा नव्हे. नाजुक कानांच्या माणसांस जगानें गेलीं दीडशें-दोनशें वर्षें हाच प्रश्न विचारला आहे, आणि बहुधा उत्तराची वाट न पाहतांच निकालही देऊन टाकला आहे. त्या निकालाचा इतिहास थोडक्यांत सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

एकोणिसाव्या शतकांतील लंडन शहरापासून आरंभ करूं. चेल्सी भागांत चेनी रो नामक गल्लींत टॉमस कार्लाइल राहत असे. क्रांतीचा गडगडाट ज्यानें आपल्या ग्रंथांत घुमविला, त्या ह्या लेखकास शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो असह्य होत. शेवटीं १८५३ सालीं त्यानें घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, केवळ छतांतून उजेड घेणारी एक खास खोली बांधविली. पैसा गेला, कामकऱ्यांची ठोकाठोक महिनोन् महिने सोसावी लागली, आणि खोली तयार झाल्यावर कळून आलें कीं, जवळचे आवाज कमी झाले तरी दूरदूरचे नवेच आवाज तेथें येऊन पोंचतात. लोकांस ह्या गोष्टीचें हसूं आलें, आणि अजूनही येतें. जो स्वतः एवढा मोठ्यानें बोलतो त्याला कोंबडें आरवलेलें कां सोसूं नये, असेंच तें हसूं होतें.

त्याच काळीं चार्ल्स बॅबेज ह्या गणितज्ञाचें रस्त्यावरील वाजंत्र्यांशीं युद्ध जुंपलें होतें. आजच्या गणकयंत्राचा जो आद्य कल्पक मानला जातो तोच हा पुरुष. हातानें फिरविण्याचे ऑर्गन घेऊन दारोदार हिंडणाऱ्या वादकांनीं आपल्या कामाचा नाश केला, अशी त्याची तक्रार होती. हिशेबी स्वभावास अनुसरून त्यानें ८० दिवसांत असे १६५ उपद्रव नोंदून ठेवले, आणि १२ वर्षांत आपल्या कार्यशक्तीचा चौथा हिस्सा ह्यांत गेला असें तो म्हणे. १८६४ सालीं मायकेल बॅस ह्या सभासदाच्या खटपटीनें रस्त्यांवरील वाद्यांस आळा घालणारा कायदा पार्लमेंटांत मंजूर झाला. परंतु बॅबेजची सुटका झाली नाहीं. उलट लोक मुद्दाम त्याच्या दाराशीं येऊन वाद्यें वाजवूं लागले आणि पोरें टोळ्या करून त्याच्या मागें लागलीं. गंमत अशी कीं, ह्याच गृहस्थानें १८३८ सालीं ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या धावत्या डब्यांत बसून महिनोन् महिने प्रयोग केले होते. त्या काळच्या आगगाडीचा खडखडाट ऑर्गनहून सौम्य खास नव्हता. परंतु तो खडखडाट त्याचा स्वतःचा होता. गाडी केव्हां सुटणार आणि केव्हां थांबणार हें त्यास ठाऊक होतें. ऑर्गनवाला मात्र त्याला विचारून येत नसे. हा भेद तेव्हां कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. ध्यानांत राहिला तो केवळ एक चिडखोर म्हातारा.

आतां चित्राची दुसरी बाजू पाहूं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाश्चात्य तरुणांच्या संगीतांत गोंगाट हा दोष न राहतां हेतूच होऊन बसला. विजेच्या गिटारीचा स्वर ध्वनिवर्धकाच्या शक्तीपलीकडे ताणला म्हणजे लहरींचीं शिखरें छाटलीं जातात, आणि मूळ स्वरांत नसलेले शेंकडों उपस्वर त्यांतून फुटतात. वस्तुतः हा यंत्राचा बिघाड. परंतु ह्या बिघाडांतच त्या पिढीस आपला सूर सांपडला. १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें तो मुद्दाम उत्पन्न करणारी एक पेटीच विकावयास काढली. १९६४ सालीं लंडनच्या 'किंक्स' मंडळांतील डेव्ह डेव्हिस ह्या सतरा वर्षांच्या पोरानें आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाचा कागदी पडदा वस्तऱ्याच्या पात्यानें चिरला, आणि त्या चिरलेल्या पडद्याचा आवाज तबकडीवर घराघरांत गेला. जिम मार्शल ह्या ढोलविक्या दुकानदाराचे ध्वनिवर्धक दिवसेंदिवस अधिक बलाढ्य होत गेले. १९७२ सालीं 'डीप पर्पल' ह्या मंडळानें लंडनच्या एका मैफिलींत ११७ डेसिबलचा आवाज केला, आणि विक्रमांच्या पुस्तकानें त्याची कौतुकानें नोंद घेतली. अशा जगांत नाजुक कानांच्या माणसास जागा कोठची?

परंतु ह्या माणसांविषयींचें एक महत्त्वाचें वचन तोंपर्यंत लिहून झालें होतें. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स संस्थेंतील बालमनोवैद्य लिओ कॅनर ह्यानें ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्या अवस्थेस आज आपण स्वमग्नता म्हणतों तिचें हें विख्यात आरंभींचें वर्णन होय. ह्या मुलांस मोठ्या आवाजांची दहशत वाटे. केर ओढणारें विजेचें यंत्र, पाळणाघराप्रमाणें वरखालीं जाणारी लिफ्ट, अंडीं घुसळण्याचें साधन, गॅसची शेगडी, वाहतें पाणी, इतकेंच नव्हे तर वारासुद्धां त्यांच्या भीतीचा विषय होता. येथपर्यंत आश्चर्य कांहीं नाहीं. परंतु कॅनर हा बारकाईनें पाहणारा मनुष्य होता. त्यानें पुढें अशी नोंद केली कीं, ह्या मुलांस भय वाटतें तें आवाजाचें म्हणून नव्हे; आवाज त्यांच्या एकांतांत न बोलावतां घुसतो म्हणून. कारण ज्या आवाजास तीं भितात, तेवढाच मोठा आवाज तीं स्वतः मोठ्या आनंदानें करतात. त्याच वृत्तांतांत आणखी एका मुलाविषयीं त्याच्या आईनें सांगितलेली हकीकत आहे. दीड वर्षाचा असतांना हा मुलगा १८ सिंफनी वेगवेगळ्या ओळखीत असे. पहिलें प्रकरण सुरू होतांच तो रचनाकाराचें नांव सांगे. सिंफनी म्हणजे कांहीं अंगाई नव्हे; तींत पितळी वाद्यें आणि नगारेही असतात.

दुर्दैव असें कीं, ह्या सूक्ष्म निरीक्षणाचा जो उपयोग व्हावयास पाहिजे होता तो बराच काळ झाला नाहीं. मध्यंतरीं विद्वानांनीं मुलांच्या ह्या अवस्थेचें खापर आईच्या थंडपणावर फोडलें. कॅनरच्या स्वतःच्या लेखणींतूनही तशी भाषा निघाली. बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीं ग्रंथ लिहून त्या मताचें खंडन केलें. पुढें १९८६ सालीं टेंपल ग्रॅंडिन ह्या विदुषीनें आपली बाजू आंतून सांगणारें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें, आणि अचानक होणारा मोठा आवाज दंतवैद्याच्या यंत्राचें टोक उघड्या नसेस लागावें तसा लागतो, अशा अर्थाचें वर्णन तिनें आपल्या लेखनांत केलें. तरीसुद्धां अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथांत इंद्रियांच्या ह्या तीव्रतेस स्वमग्नतेच्या लक्षणांत उघड स्थान मिळावयास २०१३ साल उजाडावें लागलें. कॅनरच्या नोंदीपासून तेथपर्यंत ७० वर्षें गेलीं. दरम्यान किती मुलांस 'नाटकी' ही पदवी मिळाली असेल, ह्याची नोंद कोठेंही नाहीं.

कॅनरनें जें डोळ्यांनीं पाहिलें त्यास शरीरशास्त्राचाही आधार मिळतो. आपल्या मधल्या कानांत रिकिबीच्या आकाराचें एक हाड आहे, आणि त्यास जोडलेला शरीरांतील सर्वांत लहान स्नायु आहे. मोठा आवाज आला म्हणजे हा स्नायु आकुंचन पावून आंत जाणारा ध्वनि कांहीं अंशीं अडवितो. परंतु त्यास सावध होण्यास थोडा वेळ लागतो. बार एकाएकीं झाला तर तो पहारेकऱ्याच्या आधींच आंत शिरतो. उलट आपण स्वतः बोलूं लागतों तेव्हां हा स्नायु आवाज निघण्यापूर्वींच सज्ज होतो. मेंदूचेंही तसेंच. जो ध्वनि आपल्या स्वतःच्या कृतीनें उत्पन्न होतो, त्यास श्रवणकेंद्र परक्या ध्वनीपेक्षां कमी जोरानें प्रतिसाद देतें. म्हणजे 'माझा आवाज' आणि 'दुसऱ्याचा आवाज' हा भेद केवळ मनाचा लहरीपणा नसून तो देहांतच कोरलेला आहे. सर्वसाधारण माणसांत हा भेद फारसा जाणवत नाहीं, कारण त्यांच्या सहनशक्तीस भरपूर पैस असतो. ज्याचा पैस अरुंद, त्याच्या बाबतींत तो सुखदुःखाची सीमारेषा होऊन बसतो.

कर्कशपणाचाही थोडा विचार केला पाहिजे. हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८६३ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजले असतां त्यांत सेकंदास तीसचाळीस कंप उठले म्हणजे कानास तो स्वर खरबरीत लागतो. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, माणसाच्या किंकाळींत सेकंदास ३० ते १५० वेळां होणारी अशीच थरथर असते, आणि ती ऐकतांच मेंदूंतील भीतीशीं निगडित असा बदामाच्या आकाराचा भाग जागा होतो. ताणलेल्या गिटारींतही हाच खरबरीतपणा पुष्कळ असतो. तेव्हां माझ्या स्नेह्यांनीं हेडफोन खालीं ठेवला ह्यांत त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या कानांनीं धोक्याची खूण ओळखली होती. प्रश्न एवढाच कीं, तीच खूण त्यांच्या मुलास धोक्याची कां वाटली नाहीं?

ह्या दृष्टीनें तें गाणें पुन्हां ऐकून पाहिलें. वॉशिंग्टन राज्यांतील ॲबर्डीन गांवच्या कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोव्होसेलिक ह्या तरुणांनीं १९८७ सालीं आपलें मंडळ उभारलें, आणि त्यास आपल्या 'निर्वाण' शब्दाचें नांव दिलें. ढोल वाजविणारा डेव्ह ग्रोल १९९० सालीं त्यांस येऊन मिळाला. १९९१ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील साउंड सिटी ह्या ध्वनिमुद्रणगृहांत, बुच व्हिग ह्याच्या देखरेखीखालीं, 'नेव्हरमाइंड' ह्या संग्रहाचें मुख्य ध्वनिमुद्रण झालें, आणि त्या सप्टेंबरांत तो बाहेर पडला. पुढल्या जानेवारींत मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस' संग्रहास खालीं सारून तो अमेरिकेंतील विक्रीच्या यादीच्या शिरोभागीं जाऊन बसला. कोबेन १९९४ सालीं, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षीं, आपल्याच हातानें गेला. त्यानें मोकळेपणानें सांगितलें होतें कीं, हें गाणें रचतांना आपण 'पिक्सीज' मंडळाचें अनुकरण करीत होतों: आधीं मंद आणि शांत, मग एकदम मोठें आणि कठोर.

गाण्याची रचना ह्या एकाच सूत्रावर उभी आहे. आरंभीं एकटी गिटार स्वच्छ, अविकृत स्वरांत चार मेळांचें एक आवर्तन दाखविते. ढोलाचे कांहीं ठोके पडतात, आणि तेंच आवर्तन शतगुणित होऊन अंगावर येतें. मग वादळ ओसरतें. गिटारीचे दोनच स्वर थेंबाथेंबानें पडत राहतात आणि कोबेन जवळजवळ पुटपुटतो. पुढें एकच अभिवादनाचा शब्द पुनःपुन्हां येऊं लागतो, स्वर वर चढतो, आणि ऐकणाऱ्यास खूण पटते कीं आतां वादळ पुन्हां फुटणार. तें फुटतें. हा क्रम तीन वेळां होतो, आणि तिन्ही वेळां त्याच चार मेळांवर. सुमारें पांच मिनिटांच्या ह्या गाण्यांत, पहिला तडाखा सोडला तर, एकही मोठा आवाज असा नाहीं कीं ज्याची वर्दी आधीं दिली गेली नाहीं. आणि ज्यानें तें वीस वेळां ऐकलें आहे त्याला पहिलाही तडाखा अनोळखी नसतो. आपल्याकडे रसिक तबल्याच्या साथींत समेची वाट पाहतात, आणि सम आली म्हणजे मान डोलावतात. तशीच ही सम आहे, फक्त ती वज्रासारखी पडते. ज्या मुलास दिवसभर जगाचे आवाज न सांगतां येऊन टोंचतात, त्यास रात्रीं एक असा आवाज मिळतो कीं जो दिलेल्या वेळीं येतो, दिलेल्या वेळीं जातो, आणि एका बोटानें थांबवितां येतो.

हा तर्क पारखून पाहण्याची सोय त्याच तबकडीवर आहे. 'नेव्हरमाइंड'च्या शेवटीं एक अतिशय हळुवार गाणें आहे. तें संपल्यावर सुमारें दहा मिनिटें काहींएक ऐकूं येत नाहीं. आणि मग, तबकडी संपली असें समजून ऐकणारा आपल्या कामास लागला असतां, 'एन्डलेस, नेमलेस' नांवाचा बेभान गोंगाट एकाएकीं उसळतो. आरंभींच्या कांहीं प्रतींत चुकीनें हें गाणें घालावयाचें राहून गेलें होतें; वेष्टनावरील यादींत तर त्याचें नांवच नव्हतें. वादक तेच, तबकडी तीच. परंतु एक गोंगाट सांगून येणारा आणि दुसरा दबा धरून बसलेला. माझ्या स्नेह्यांच्या मुलास मीं ह्याविषयीं सहज विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "तें मी कधींच लावत नाहीं. तें कुकरसारखें आहे." सर्व ग्रंथ चाळून जें मला समजलें, तें त्यानें एका वाक्यांत सांगितलें.

येथें दोन गोष्टी बजावून सांगितल्या पाहिजेत. एक अशी कीं, सर्व नाजुक कान एका मापाचे नसतात. कोणास मोठेपणा सोसत नाहीं, कोणास विशिष्ट बारीक आवाज, उदाहरणार्थ जेवतांना होणारे मचमच असे आवाज, सोसत नाहींत. आणि कित्येकांस हें गाणें शंभरदां ऐकूनही यातनाच होतील. दुसरी अशी कीं, आवडीचा आवाज म्हणून कानाच्या आंतील पेशी त्यास सवलत देत नाहींत. 'द हू' मंडळाचा पीट टाउनशेंड ह्यानें आपणच केलेल्या आवाजापायीं आपले कान बिघडवून घेतले. मैफिलींच्या जागीं पाव तासाची सरासरी १०० डेसिबलपलीकडे जाऊं देऊं नये, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं सुचविली आहे. तेव्हां मुलाचें गाणें काढून घेऊं नये, परंतु त्याचा आवाज किती ठेवावा हें त्यास शिकवावें.

परंतु ह्या इतिहासाचा मुख्य बोध निराळाच आहे. सोसण्याची परीक्षा आपण आवाजाच्या आकारावरून घेत आलों, आणि तेथेंच चुकलों. बॅबेजला आगगाडी चालत होती म्हणून ऑर्गनचा त्रास खोटा ठरला. मुलास गिटार चालते म्हणून शिट्टीची भीति खोटी ठरली. जगानें आवाज मोजला. तो कोणाच्या इच्छेनें आला हें विचारलें नाहीं. तें विचारण्यास आतां कोठें आरंभ झाला आहे. २०११ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लायन किंग' ह्या संगीतकाचा एक प्रयोग खास स्वमग्न मुलांसाठीं झाला. आवाज आणि लखलखाट थोडे कमी केले. त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय काय घडणार आहे ह्याची माहिती कुटुंबांस आधींच दिली. नाटक बंद पडलें नाहीं, गाणीं गाळलीं नाहींत. फक्त वर्दी दिली. एवढ्यानें ज्या कुटुंबांनीं कधीं नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती तीं आंत येऊन बसलीं.

हें सर्व मीं स्नेह्यांस सांगितलें तेव्हां ते कांहीं बोलले नाहींत. पंधरा दिवसांनीं भेटले तेव्हां म्हणाले, "काल त्याच्याबरोबर बसून तें गाणें ऐकलें, नाना. दर वेळीं आवाज चढण्याच्या आधीं तो एक बोट वर करायचा, आणि म्हणायचा, आतां हं, बाबा. मग मला तितकें लागलें नाहीं." जरा थांबून पुढें म्हणाले, "गाणें मला अजूनही आवडत नाहीं. पण आतां कुकर चढवला कीं आम्ही त्याला आधीं सांगतों. तो कान झांकतो, पण खोलींतून उठून जात नाहीं."